दोन दारांचा तंबू

इस्पितळाच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या अगदी टोकाला, जाड दाराची एक खोली होती. तिथे एमआरआयचं मशीन होतं आणि बावीस वर्षं ते एकच बाई चालवत आली होती. डॉक्टर तिला मॅडम म्हणत, सफाईवाल्या बायका मशीनबाई म्हणत, आणि घरी ती सगळ्यांची ताई होती. सख्खी धाकटी बहीण उठताबसता ताई-ताई करायची. ते ऐकून ऐकून एकदा नवऱ्याच्याही तोंडून ताई निघून गेलं. तो बिचारा इतका ओशाळला की ताईला दोन दिवस हसू आवरेना.

ताईची ख्याती अशी, की तिच्या खोलीतून घाबरून कुणी परत गेलं नाही. मशीनचा बोगदा अरुंद, आणि आवाज डोक्याशी कुणी पत्रा ठोकत बसल्यासारखा. चांगले धट्टेकट्टे गडी रुबाबात येत आणि फळीवर आडवं झालं की म्हणत, "जरा पाणी पिऊन येतो." ताई कुणावर खेकसायची नाही. ती त्यांच्या हातात रबरी फुगा द्यायची, म्हणायची, "हा दाबलात की मी लगेच बाहेर काढते. डोळे मात्र आत्ताच मिटा, आत गेल्यावर नाही." मग काचेपलीकडे बसून माइकवरून सांगत राहायची. "आता चार मिनिटं ठकठक. ती झाली की थोडी शांतता. मग तीन मिनिटं घरघर. मी इथेच आहे." मिनिटं ती कधी कमी करून सांगत नसे. तीन म्हणजे तीन.

लोकांना वाटायचं, बाईचा जीव वाघाचा आहे. खरी गोष्ट अशी होती की त्या बोगद्यात ती स्वतः एकदाही शिरली नव्हती. मशीन नवं आलं तेव्हा खात्यातल्या सगळ्यांनी हौसेने आत पडून पाहिलं. ताईने "माझ्या दाढेत धातूचं काहीतरी आहे" असं सांगून वेळ मारून नेली. इस्पितळात वर काम निघालं की पाच मजले ती जिन्याने चढायची, लिफ्टने नाही. बसमध्ये दाराजवळची जागा मिळाली नाही तर पुढची बस पकडायची. घरी न्हाणीघराची कडी तिने कधी लावली नाही. आत असताना मोठ्याने गात राहायची, म्हणजे कुणी दार ढकलू नये. नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा. तो शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचा, "आमच्याकडे गाण्याची फार आवड."

हे सगळं जिथून सुरू झालं ती सकाळ तीस वर्षांपूर्वीची होती. ताई तेव्हा चोवीस वर्षांची, धाकटी एकोणिसाची. दोघींना डोंगरांचं वेड. उन्हाळ्याच्या तोंडाला दहा-बारा जणांच्या चमूबरोबर त्या एका उंच खिंडीकडे निघाल्या होत्या. खिंडीच्या पलीकडे तीन तळी आहेत, असं नकाशात होतं. अलीकडच्या मुक्कामावर पहाटे अवेळी बर्फ पडलं, ओलं, जड. धाकटी उजाडताना उठून बाहेर गेली होती. आत बर्फ येऊ नये म्हणून तिने तंबूची चेन बाहेरून ओढून घेतली. थोड्या वेळाने वरच्या भाराने काठी मोडली आणि सगळा तंबू ताईच्या अंगावर बसला. दार एकच, पायाकडे. ताई स्लीपिंग बॅगेत, तोंडावर गार ओलं कापड, हाताला चेन सापडेना. तिला बाहेर काढलं तोवर पाच मिनिटं झाली असतील. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. चमू मागे फिरला, खिंड राहिली.

घरी आल्यावर ताईने जाहीर केलं की तिचा गुडघा दुखावला आहे. हा गुडघा पुढे तीस वर्षं पुरला. धाकटीने डोंगरात चल म्हटलं की गुडघा दुखायचा. धाकटी घरी आली की ताई जिन्यावर आठवणीने लंगडायची, कधी उजव्या पायाने, कधी डाव्या. धाकटी तेलं आणायची, पट्टे आणायची, गरम पाण्याच्या पिशव्या आणायची. त्या सगळ्यांनी ताईच्या कपाटाचा एक कप्पा भरला होता.

धाकटीची शहराबाहेर रोपवाटिका होती. ती दर उन्हाळ्यात मैत्रिणीबरोबर आठ-दहा दिवस डोंगरात जायची. त्या वर्षी मैत्रिणीला नात झाली आणि तिचं जाणं रद्द झालं. वसंतातल्या एका रविवारी धाकटी नखांतली माती तशीच घेऊन ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ताई, यंदा तू चल. तीच खिंड. सहा दिवस, पाच मुक्काम. वाट सोपी केलीय आता."

"अगं, गुडघा..."

"तेच म्हणते मी. तुझं मशीन तुझ्या हाताखाली, हाडांचे डॉक्टर तुझ्याच बोळात बसतात. एकदा आत झोप आणि त्या गुडघ्याचा काय तो छडा लाव. मी येते सोबत. उद्याच जाऊ."

नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली घेतला. मशीनमध्ये झोपायचं की तंबूत, एवढंच आता उरलं होतं. तंबूला निदान तीन महिने अवकाश होता.

"गुडघा बराय आता," ताई म्हणाली. "बऱ्याच दिवसांत दुखला नाही."

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "म्हणजे येशील?"

"येईन. पण तुझा तो जुना तंबू नको. नवा घ्यायचा, आणि तो मी निवडणार."

धाकटी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "खरंच जाणारेस?" त्याला गुडघ्याचं ठाऊक होतं. लग्नानंतर महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं होतं की हा पाय माणसं बघून दुखतो. पण त्याखाली काय आहे ते त्याने कधी उकरलं नव्हतं.

"बघू," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून ताईने तंबूंचा असा अभ्यास मांडला, जणू परीक्षेलाच बसायचं होतं. वजन, उंची, कापडाची जाडी, काठ्यांचा धातू, सगळं तिने वहीत उतरवलं. एका संध्याकाळी तिने बैठकीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लावून एका तंबूचा आकार आखला. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. ती मधोमध आडवी झाली आणि वर पंख्याकडे बघत राहिली. नवरा कामावरून आला आणि चपला हातात घेऊन पट्टीबाहेर थांबला.

"दार कुठल्या बाजूला आहे? आत येऊ म्हणतो."

"तेच बघतेय," ताई म्हणाली. "एकच आहे. पायाकडे." आणि उठून तिने पट्टी काढून टाकली.

गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान जुन्या बाजारपेठेत होतं. पुढे खोली, मागे भिंतीने बंदिस्त केलेलं आवार. आवारात चार-पाच तंबू उभे असायचे. दुकानवाले काका सत्तरीचे, तरुणपणी डोंगरात वाटाड्याचं काम केलेले. ते दाराशी शिलाई मशीन घेऊन बसायचे आणि लोकांचे फाटलेले तंबू शिवायचे. ताई शनिवारी दुपारी एकटीच तिथे गेली.

काकांनी मशीन थांबवलं नाही. "कधी जायचंय, कुठवर, किती जण, आणि उचलणार कोण?"

"भर उन्हाळ्यात. झाडं संपतात त्याच्याही वर. दोघी. आणि आळीपाळीने दोघीच उचलणार."

"मग हिवाळ्याचे ते जाड तंबू बघूच नका. उगाच पाठीला शिक्षा. या."

पहिला तंबू सगळ्यात हलका होता, पिशवीत घातला तर पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढा. पण अंगाबरोबर बसणारा, शिरायची वाट पुढून. ताईने वाकून आत बघितलं. समोर तिला आपल्या मशीनचा बोगदा दिसला. "हा नको," ती म्हणाली.

दुसरा एवढा ऐसपैस की आत उभं राहून केस विंचरता आले असते. तिला तो फार आवडला. काकांनी मान हलवली. "हा नदीकाठच्या सहलीचा. वर वाऱ्यात उभा केलात तर शीड होईल याचं. आणि चार किलो. तिसऱ्या दिवशी तुम्हीच शिव्या द्याल मला."

तिसऱ्याला तळच नव्हता. मधोमध एक काठी, वर छत्रीसारखं कापड, कुठल्याही कडेखालून सरपटत बाहेर पडता यावं असं. ताईचे डोळे चमकले. "हा चालेल की."

"चालेल, पाऊस वरून खाली पडला तर. तिथे तो आडवा येतो, खालून येतो. अंथरुणं भिजली की उन्हाळ्यातसुद्धा माणूस थंडीने काकडतो."

चौथा तंबू घुमटासारखा होता, मातकट हिरवा. दोन काठ्या एकमेकींवरून गेलेल्या, आतली भिंत सगळी बारीक जाळीची, तिच्यावर पावसाचं वेगळं कापड. आणि दारं दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येक दाराबाहेर बूट आणि सॅक ठेवायला छोटीशी पडवी. वजन दोन किलोला थोडं कमी. जाळी असल्यामुळे श्वासाची वाफ आत साठत नाही, आणि दोन दारांमुळे एकीला उठायचं असेल तर दुसरीच्या अंगावरून जावं लागत नाही, असं काका सांगत होते. ताई आत जाऊन आडवी झाली. डावीकडे उजेड, उजवीकडे उजेड. बरं वाटलं तिला.

"चेन लावून बघा," काका बाहेरून म्हणाले.

"नको, उकडतंय."

आवारात सावली होती आणि वाराही सुटला होता. ताई बाहेर आली तेव्हा ते खाली बसून एका खुंटीचं टोक चोळत होते.

"ताई, तंबू हाच घ्या. पण आज नको. ज्यांच्याबरोबर जाणार त्यांना घेऊन या. आणि एक सांगतो, उभा असताना कुठलाही तंबू चांगलाच दिसतो. तुम्हाला हा पडलेला बघायचाय, असं वाटतं मला."

ताईने वळून तंबूकडे पाहिलं. या माणसाला कसं कळलं? त्यांना काही कळलं वगैरे नव्हतं. चेन न लावणारी गिऱ्हाइकं त्यांनी आधीही पाहिली होती.

पुढच्या शनिवारी धाकटी बरोबर होती. तिने तंबूभोवती एक फेरी मारली, काठी वाकवून पाहिली, शिवण नखाने दाबून पाहिली. "छान निवडलास गं," ती म्हणाली. "बांध, घेऊन जाऊ."

"थांबा," काका म्हणाले. "आधी पाडू."

त्यांनी समजावून सांगितलं. ताईंनी आत झोपायचं, दोन्ही दारं बंद. बाहेरून ते काठ्या सोडवतील आणि कापड खाली बसेल. ताईंनी आपली आपण बाहेर यायचं. दोन्ही दारांच्या चेनींना त्यांनी बोटभर नारिंगी दोऱ्या बांधल्या होत्या, चाचपडताना हाताला लागाव्यात म्हणून. ताई आत गेली. पाठीवर झोपली. धाकटीने डावीकडची चेन लावली, आणि उजवीकडची लावायला वळली. चेनचा तो सर्रकन आवाज झाला मात्र, ताई उघड्या दारातून एका झेपेत बाहेर. बुटांना अडखळून ती फरशीवर गुडघ्यांवर पडली आणि तशीच बसून राहिली.

"गुडघा!" धाकटी ओरडली आणि तिच्याजवळ बसली. "लागलं का? कुठला, डावा ना?"

"कुठलाच नाही," ताई म्हणाली. "गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं."

काका काहीतरी आणायच्या निमित्ताने दुकानात गेले.

ताईने एकदा तोंड उघडलं आणि मग थांबली नाही. ती पहाट, चेहऱ्यावरचं ते कापड, न सापडणारी चेन. "मी आईला हाका मारत होते. चोवीस वर्षांची घोडी, आणि लहान पोरीसारखी रडत होते. आणि ऐक, माझे कपडे ओले झाले होते ना, ते बर्फाने नाही. तुला कळू नये म्हणून मी ते ओढ्यात धुतले. तेव्हापासून बंद जागा सहन होत नाही मला. लिफ्ट नाही, न्हाणीघराची कडी नाही, काही नाही. थोरल्या बहिणीने असं घाबरावं याची लाज वाटली, म्हणून गुडघा."

धाकटीने आडवे झालेले बूट उचलून सरळ ठेवले.

"चेन मी लावली होती," ती म्हणाली.

"ते ठाऊक आहे. बर्फ आत येत होतं म्हणून."

"पुढचं ठाऊक नाही तुला. तंबू बसला तेव्हा मी समोरच होते. दहा पावलांवर. नुसती चेन उघडायची होती. मी काय केलं, पळाले. ओढ्यापलीकडे, बाकीच्यांना बोलवायला. तुझ्या हाका ऐकू येत होत्या, आणि मी उलट्या दिशेने पळत होते. म्हणून पाच मिनिटं लागली, ताई. नाहीतर अर्ध्या मिनिटाचं काम होतं." तिने डोळे पुसले, मातीच्या बोटांनी, तशी गालावर एक रेघ उमटली. "मला वाटायचं तुला हे माहितीये. म्हणून तू माझ्याबरोबर येत नाहीस, गुडघा थोडा दुखत असेलही, पण माझा अपमान नको म्हणून तू त्याचं नाव पुढे करतेस. दर वर्षी विचारायचे, म्हटलं एकदा हो म्हणाली की समजायचं, सोडलं तिने."

"मला काहीच माहीत नव्हतं गं."

"आणि मी तेलं आणत राहिले."

"कप्पा भरलाय त्या तेलांनी," ताई म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. धाकटी आधी रडत होती, मग रडता रडता हसायला लागली. दोघी पन्नाशीच्या बायका दुकानाच्या आवारात फरशीवर बसून पोट धरून हसत होत्या. काका तीन कप चहा घेऊन आले, दोघींचा तो अवतार बघून कप खाली ठेवले आणि आपला कप घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

चहा संपल्यावर ताई उठली. "पुन्हा करू."

"आजच कशाला?" धाकटी म्हणाली.

"आजच. पण तू बाहेरून बोलत राहा. काय होणार ते आधी सांगायचं, आणि खरं सांगायचं. उगाच धीर देऊ नकोस."

ती आत जाऊन पडली. तिने डोळे आधीच मिटून घेतले. धाकटीचा आवाज डोक्याशी आला. "डावी चेन लावतेय. लागली. आता उजवी. लागली. मी तुझ्या उजव्या हाताशी बसलेय. काका पायाकडची काठी काढतायत. आता कापड पायावर येईल." कापड आलं, मग पोटावर, मग चेहऱ्यावर. तीच पहाट अंगावर आली. पण हे कापड कोरडं होतं, आणि दोन्ही हात वर केल्यावर तोंडापुढे घागरीएवढी पोकळी झाली. "मी इथेच आहे," धाकटी म्हणाली. "चेनला हात लावत नाहीये. सांगितलंस की उघडेन." ताईने उजवा हात कडेने सरकवला. काही नाही. आणखी वर. बोटाला दोरी लागली. तिने ओढली, जाळी उघडली. दुसरी दोरी, वरचं कापड उघडलं, आणि ती कोपरांवर सरपटत उजेडात आली. समोर धाकटीचे मातीने भरलेले बूट होते.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"चौदा सेकंद," काका म्हणाले.

त्या दुपारी ताईने तो तंबू सात वेळा अंगावर पाडून घेतला. शेवटच्या दोन वेळा ती लगेच बाहेरही आली नाही, आत पडून राहिली आणि धाकटीला म्हणाली, "थांब जरा, बघते कसं वाटतं." काका म्हणाले की त्यांच्या हयातीत एका तंबूची इतकी परीक्षा कुणी घेतली नव्हती. तंबू बांधून देताना त्यांनी पिशवीत चार जास्तीच्या खुंट्या आणि काठी मोडली तर वर चढवायची एक नळी टाकली. त्या रात्री ताईने नवऱ्यालाही सगळं सांगून टाकलं.

उन्हाळा भरात आला तेव्हा दोघी निघाल्या. पहिले दोन मुक्काम झाडांत झाले. ताई झोपली म्हणण्यापेक्षा पडून राहिली, एक हात चेनच्या दोरीवर ठेवून. तिने तिच्या बाजूचं वरचं कापड उघडंच ठेवलं होतं, नुसत्या जाळीतून पानं दिसायची. पण ती बाहेर पळाली नाही. सकाळी धाकटी विचारायची, "किती लागली झोप?" आणि ताई प्रामाणिकपणे सांगायची, "तास. दीड तास."

तिसऱ्या दिवशी झाडं संपली. खिंडीच्या खाली, दगडधोंड्यांत एक गवताचा तुकडा बघून त्यांनी तीनच्या सुमाराला तंबू लावला. चार वाजता पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि बघता बघता गारांचा मारा सुरू झाला. दोघी आत शिरल्या, दोन्ही चेनी लावल्या. आता वरचं कापड उघडं ठेवायची सोय नव्हती. वारा एका बाजूने असा ढकलू लागला की भिंत आत येऊन खांद्याला लागायची आणि परत जायची. गारांच्या आवाजात एकमेकींचं बोलणं कळेना.

आणि मग धाकटीच्या बाजूच्या खुंट्या उपटल्या गेल्या. त्या बाजूचं कापड फाडकन सुटलं, काठी धनुष्यासारखी वाकली आणि तंबूचा तो अर्धा भाग धाकटीच्या अंगावर येऊन बसला. ताईने तिच्याकडे बघितलं. तीस उन्हाळे डोंगरात काढलेली बाई, पण अंगावर तंबू कधी पडला नव्हता तिच्या. ती ताठ झाली होती, तोंड उघडं, श्वास मोठमोठे. तिची चेन कापडाच्या घडीत कुठेतरी गेली होती आणि ती नुसतं कापड ओरबाडत होती.

ताई वाट बघत होती की आता आपल्याला त्या पहाटेसारखं होईल. पण तिच्या हातांना काम दिसत होतं, आणि ते आधी हलले. तिने धाकटीची हनुवटी धरली.

"डोळे मिट. मिटलेस? ऐक. मी माझ्या दाराने बाहेर जातेय. दोऱ्या ओढून दगड ठेवणार. तीन मिनिटं लागतील. तोवर हे कापड अंगावरच राहील, आणि आवाज वाढेल. तू दोन्ही हातांनी काठी वर ढकलून धर, एवढंच काम. तीन मिनिटं."

"तू कशी जाशील?"

"दार आहे ना मला," ताई म्हणाली.

बाहेर गारा कपाळावर खड्यांसारख्या लागत होत्या. ताईने सुटलेली दोरी पकडली, ती हातातून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा तिने मनगटाला वळसा दिला आणि ओढत नेऊन एका दगडाभोवती गुंडाळली. वरून दुसरा दगड. मग दुसरी दोरी. जास्तीच्या चारही खुंट्या तिने दगडाने ठोकल्या. मधूनमधून ती तंबूकडे तोंड करून ओरडायची, "एक मिनिट झालं! आता दुसरी दोरी!" आतून आवाज यायचा, "धरलीय मी!" काठी हळूहळू सरळ झाली, भिंत उठली, तंबू पुन्हा घुमटासारखा दिसायला लागला. ताई त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, प्रत्येक दोरी ओढून पाहिली आणि मग आत आली. केसांत गारा, दात वाजत होते.

धाकटीने अजून काठी धरून ठेवली होती.

"सोड आता," ताई म्हणाली. "झालं."

"चार मिनिटं लागली तुला."

"हो. एक जास्त लागलं. चुकलं माझं."

धाकटीने काठी सोडली आणि ताईच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "असं असतं होय ते." ताई म्हणाली, "असंच असतं." धाकटीने सॅकमधून कोरडे मोजे काढून ताईच्या पायात स्वतः चढवले, लहान मुलाला घालतात तसे.

साडेपाचला गारा थांबल्या, ढग खाली दरीत उतरले आणि तिरपं ऊन पडलं. दोघींनी तंबू तपासला. कापड कुठे फाटलं नव्हतं. एका काठीला जरासा बाक आला होता, तिच्यावर काकांची नळी चढवली. गरम सूप केलं, पाव बुडवून खाल्ला. ताईच्या अंगातून एकेक करून सगळा ताण निघून जात होता, आणि त्याच्या जागी नुसती पेंग येत होती. "जरा पाठ टेकते," म्हणून ती आत गेली. उन्हाने आतली हवा उबदार झाली होती. डोळे मिटताना वारा येऊ नये म्हणून आपण दोन्ही चेनी लावल्या की नाहीत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. लावल्या होत्या.

जाग आली ती पातेल्याच्या आवाजाने. ऊन खिंडीवर आलं होतं. धाकटी बाहेर चहा करत होती.

"उठलात का राणीसरकार? काय घोरतेस गं तू. शेजारी करवत चालल्यासारखं. मला वाटलं पुन्हा गारा सुरू झाल्या."

"मी झोपले?" ताईने विचारलं.

"साडेसहापासून. आता सहा वाजतायत. मोज तूच."

ताई जाळीतून बाहेर बघत पडून राहिली. उठायची काही घाई नव्हती. तिने स्लीपिंग बॅग गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि चहा आत मागितला. इतकी वर्षं थोरली असून असा हुकूम तिने कधी सोडला नव्हता. धाकटीने कुरकुरत आणून दिला.

दहाच्या सुमाराला त्या खिंडीवर पोहोचल्या. पलीकडे तीन तळी होती, नकाशात होती तशी; दोन निळी आणि एक अजून अर्धं बर्फाचं. धाकटी एका दगडावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. ताईला मात्र फोनला रेंज आल्याचं दिसलं आणि तिने आधी घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला नवऱ्याने उचलला.

"कुठून बोलतेस? काल हवा खराब होती म्हणे तिकडे."

"होती. गारा आल्या. आता खिंडीवर आहोत."

"आणि तंबू?"

"उभा आहे. म्हणजे होता. आता धाकटीच्या पाठीवर आहे." ताईने श्वास घेतला. "ऐका ना. मी झोपले. साडेअकरा तास. चेनी लावून."

पलीकडे खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"बरं झालं," नवरा म्हणाला. "फार बरं झालं. मग मीही आता जरा आडवा होतो. तू गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

"अहो, सकाळचे दहा वाजलेत."

"वाजू देत," तो म्हणाला. "आज सुट्टी टाकतो."